चाकांखालच्या फळ्या

बाबा गेल्यापासून तीन महिने गाडी अंगणातल्या उतारावर नाक खाली करून उभी होती. आईही तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती. उद्या सकाळी तिला मावशीकडे न्यायचं ठरलं होतं, चार तासांचा रस्ता. "वाटेत बंद पडली तर? त्यापेक्षा मी येतच नाही," असं तिने दोनदा ऐकवलं होतं. म्हणून लेकीने बॉनेट उघडलं.

ऑइल मोजायची पट्टी ओढून तिने बाबांच्या जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं.

"आई, भरलेलं आहे!"

"फळ्या लावल्यास का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रश्न आला.

"कसल्या फळ्या?"

आई हात पुसत बाहेर आली. "बाबा ऑइल बघायचे तेव्हा पुस्तकातून डोकं वर काढलं असतंस तर दिसल्या असत्या. उतारावर पट्टी थापा मारते, बाई. पुढची चाकं वर घ्यावी लागतात."

जिन्याखालून दोन जाड फळ्या निघाल्या. लेकीने गाडी जरा मागे घेतली, आईने फळ्या चाकांपुढे सरकवल्या आणि ती समोर उभी राहून हात हलवू लागली. "ये... ये... अजून थोडी... बस्स!" गाडी बरोबर फळ्यांवर.

"लगेच बघू नकोस. ऑइल खाली उतरू दे. चहा टाकते, तोवर हे..." आई थांबली. "तोवर उतरतं."

चहानंतर पट्टी काढली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. तशीच निघाली असती तर वाटेतच इंजिनाने मान टाकली असती.

डिकीत बाबांनी ठेवलेला ऑइलचा अर्धा डबा होता.

"एकदम ओतू नकोस. जास्त झालं की तेही वाईट."

थोडं ओतायचं, थांबायचं, बघायचं. असं तीनदा झालं. शेवटी आईनेच चष्मा लावून पट्टी उजेडाकडे धरली. "वरच्या खुणेच्या किंचित खाली. ह्यांना अस्संच लागायचं."

गाडी फळ्यांवरून खाली घेतल्यावर लेक फडकं टाकून द्यायला निघाली.

"डिकीत ठेव ते," आई म्हणाली आणि दोन्ही फळ्या तिने स्वतः उचलून डिकीत सारल्या. "मावशीच्या दारातही उतारच आहे."