कृतकार्य

"व्यय कक्ष? सचिवसाहेब बोलणार आहेत. जोडते."

एवढे बोलून तळमजल्यावरच्या दूरध्वनी बोर्डावर तिने आपली कळ मागे घेतली. तो बारीकसा 'खट्' व्यय कक्षातल्या कात्रीसाहेबांच्या कानांना अनेक वर्षांचा परिचित होता. दोन माणसांचे आवाज एकमेकांना भेटले की तिसऱ्याने तेथे थांबू नये, हा तिचा धर्म. आणि त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की आता मी येथे नाही.

"मसुदा वाचला," सचिव म्हणाले. "उत्तम झालाय. गाड्या कमी केल्यात, विश्रामगृहं बंद केलीत, तीन खाती एकत्र आणलीत. फक्त एक ओळ कळली नाही. दूरध्वनी कक्ष."

"काय कळलं नाही, साहेब?"

"तिथं आता एकच बाई उरल्यात."

"होय."

"आणि त्या तुमच्या पत्नी आहेत."

"होय, साहेब."

"अहो, मग? देशाच्या डोक्यावर एवढं डोंगराएवढं कर्ज. त्यात एका बाईच्या पगारानं काय फरक पडणार? समुद्रातून ओंजळभर पाणी काढल्यासारखं आहे ते. ती ओळ काढून टाका. कुणी विचारणार नाही. उद्या सकाळी सही करतो."

ज्या तारेतून हे बोलणे चालले होते, ती तार तिनेच जोडलेली होती. कात्रीसाहेबांनी "विचार करून येतो" असे म्हटले आणि रिसीव्हर हलक्या हाताने ठेवला.

शासनाचे ऋण त्या काळी अशा थराला पोहोचले होते, की जुन्या कर्जाचे व्याज भागवण्यासाठी नवे कर्ज काढावे लागे. तिजोरीच्या दाराशी व्याज सर्वांच्या आधी येऊन उभे राही. रुग्णालयांची औषधे आणि शाळांची छपरे त्याच्या मागे तिष्ठत राहत. शेवटी शासनाने स्वतःचा हात आखडता घेण्याचे ठरवले, आणि ते अप्रिय कार्य व्यय कक्षाच्या या अबोल अधिकाऱ्याकडे आले. कापाकापी हाती आली आणि त्यांचे खरे नाव लोक विसरले. ते 'कात्रीसाहेब' झाले. पण या कात्रीने पहिला घाव स्वतःवर घातला होता. कार्यालयाची मोटार परत करून ते बसने येऊ लागले आणि मगच त्यांनी इतरांच्या मोटारींकडे पाहिले. ते म्हणत, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अंथरुणाबाहेर गेलेला पाय प्रत्येकाला शेजाऱ्याचाच वाटतो."

पत्नी तळमजल्यावर दूरध्वनीच्या बोर्डावर बसे. तिला सारी इमारत 'जोडतेबाई' म्हणे. नवरा कापणारा आणि बायको जोडणारी, हा विनोद चहाच्या प्रत्येक कपाबरोबर फिरे. "बाई, एक कापतो, एक जोडते, तुमचा संसार चालतो तरी कसा?" असे कुणी विचारले, की ती म्हणे, "शिंप्याच्या घरी दोन्ही लागतं."

रोज कचेरी सुटल्यावर कात्रीसाहेबांच्या टेबलावर एक फोन येई. "व्यय कक्ष? घरून फोन आहे, साहेब. जोडते." मग 'खट्', आणि लगेच तोच आवाज वेगळ्या सुरात म्हणे, "अहो, येताना साबण आणा." फोन घरून आलेला नसे, तळमजल्यावरूनच आलेला असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी हरकत घेतली होती, "हा सरकारी वेळ आहे." ती उत्तरली होती, "कचेरी सुटलीय. घड्याळ बघा." त्यानंतर हरकत नव्हती.

मात्र घराच्या उंबऱ्याच्या आत कचेरीला प्रवेश नव्हता. ती विचारी, "आज कक्षात काय?" ते म्हणत, "काही नाही. बोर्डावर?" ती म्हणे, "काही नाही." आणि दोघे हसत. त्यांच्याकडे राज्याचे गुपित असे, तिच्याकडे माणसांचे. "दोन 'काही नाही'वर उभं आहे आपलं घर," असे ती अभिमानाने म्हणे.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ते समोर बसले आणि त्यांनीही एक शेंग उचलली.

"आज कक्षात काय?"

"काही नाही." या वेळी ते हसले नाहीत. "बोर्डावर?"

"अहो, मी आज नियम मोडणार आहे."

"कुठला?"

"काहीनाहीचा." तिने दाणे भांड्यात सोडले. "ते विश्रामगृहांचे अधीक्षक आले होते बोर्डापाशी. म्हणाले, 'वहिनी, नशीब काढलंत! आमची विश्रामगृहं गेली, तुमचं टेबल राहणार असं ऐकतो. कात्री सुईला कुठं कापते?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, 'कुठं जोडू का?' गेले निघून." ती क्षणभर थांबली. "खरं आहे का ते?"

"उद्या सकाळपर्यंत माझ्या हातात आहे."

"म्हणजे अगदीच खोटं नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारू नका. मला वाटायचं ते वाटणारच. मी नाकानं कांदे सोलणारी बाई नाही, पण त्या खुर्चीवर जीव आहे माझा." ती शेंगेकडे पाहत राहिली. "पूर्वी बोर्डभर दिवे लागायचे. दोन हात पुरत नव्हते. धरणाला तडा गेला होता, आठवतं? त्या दिवशी गावं रिकामी करायला निघालेला प्रत्येक फोन माझ्या हातून गेला. जेवायलासुद्धा उठले नाही. आणि आता? प्रत्येकाच्या खिशात फोन. आज दिवे लागले ते तीनच. सचिवांचा फोन तुम्हाला, एक कुणाचा तरी चुकून, आणि एक माझाच तुम्हाला. उरलेल्या वेळात मी बोर्ड पुसते. या बघायला, भांग पाडता येईल इतका चकचकीत झालाय."

त्यांनी दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी शेंग उचलली.

"माझ्यासाठी ओळ काढलीत, तर उद्या अधीक्षक विश्रामगृह परत मागतील. परवा मोटारवाले येतील. तुम्ही काय सांगणार त्यांना? तुमच्याच तोंडाला कुलूप. लोक म्हणतील, याचं अंथरूण बरं लांब निघालं!"

"पेन्शन कमी बसेल तुला. मुदतीआधी पद गेलं तर तसाच नियम आहे."

"माहीत आहे. कुणी लिहिलाय तेही माहीत आहे." ती हसली, मग तिचा स्वर एकाएकी खाली आला. "पण एक मागते. तुमच्या मसुद्यांत तो शब्द असतो ना, 'अनावश्यक पदे', तो माझ्यापुढं लिहू नका. आता गरज उरली नाही, हे खरं. पण अनावश्यक म्हटलं की पहिल्यापासूनच उगीच बसले होते, असं होतं. मी उगीच नव्हते हो बसले."

कात्रीसाहेबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. प्रत्येक खर्च त्यांनी तोलून पाहिला होता. हा शब्द मात्र कधीच तोलला नव्हता. किती माणसांच्या पुढे तो लिहिला गेला होता! टंकलेखकांच्या, दिवे लावणाऱ्यांच्या, प्रती काढायचे चक्रमुद्रण यंत्र फिरवणाऱ्यांच्या. कुणी तक्रार केली नव्हती. तक्रार करायला तो शब्द आपल्यापुढे आहे हे त्यांना कुठे ठाऊक होते?

सकाळी सचिवांनी मसुद्यावरून बोट फिरवले आणि ते थांबले.

"ओळ आहेच अजून."

"आहे, साहेब."

"घरी बोललात?"

"त्याच बोलल्या."

सचिवांनी मान हलवली आणि पान उलटले. "आणि हे काय? 'कृतकार्य पदे'? सगळीकडे 'अनावश्यक' खोडून हेच लिहिलंय."

"ज्यांनी आपलं कार्य पूर्ण केलं, अशी पदं. ती आता थांबतात, पण व्यर्थ नव्हती."

"नियमावलीत हा शब्द नाही."

"नाही."

"मग जुन्याला काय झालंय? वर्षानुवर्षं चालतोय."

"तो खरा नाही, साहेब. आपण खर्च कमी करतोय. माणसांचं केलेलं काम कमी करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "शिवाय नव्या शब्दाला आर्थिक तरतूद लागत नाही."

सचिव खळखळून हसले. "इतक्या वर्षांत प्रथमच तुम्ही काहीतरी वाढवलंत!" असे म्हणून त्यांनी सही केली.

त्याच दुपारी जिन्यात अधीक्षक भेटले. टोमणा त्यांच्या जिभेवर आला असावा. पण जोडतेबाईंचेही पद गेल्याची बातमी त्याआधीच येऊन पोहोचली होती. ते बाजूला सरकले, खिशातून विश्रामगृहाच्या किल्ल्या काढून त्यांनी कात्रीसाहेबांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "वहिनींना नमस्कार सांगा."

महिनाअखेरीस बोर्ड बंद व्हायचा होता. त्या शेवटच्या दिवशी इमारतीतल्या कित्येकांनी, खिशात फोन असताना, मुद्दाम टेबलावरचा रिसीव्हर उचलला. कुणाला कुठेच बोलायचे नव्हते. बोर्डभर दिवे लागले. "अहो बाई, शेजारच्या खोलीत द्या ना," असे सांगून लोक शेजारच्या खोलीशी बोलले. तिने एकाशीही विनोद केला नाही. प्रत्येकाला त्याच स्वच्छ स्वरात "जोडते" म्हटले आणि प्रत्येक वेळी कळ मागे घेतली.

कचेरी सुटल्यावर व्यय कक्षातला फोन वाजला.

"व्यय कक्ष? घरून फोन आहे, साहेब. जोडते."

'खट्' झाले. पुढचे 'अहो' मात्र आले नाही. अखेर कात्रीसाहेबच म्हणाले, "आलो मी खाली. बरोबरच जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांचे काम नेहमीसारखे झाले. व्याजाचा आकडा थोडा खाली आला होता, आणि लांबणीवर पडलेली औषधांची मागणी त्या दिवशी मंजूर झाली. त्यांनी सही केली, टोपण लावले आणि घड्याळाकडे पाहिले. कचेरी सुटली होती. इमारत रिकामी होत गेली. ते बसून राहिले.

फोन वाजला.

"अहो," ती म्हणाली. व्यय कक्ष का, असे विचारले नाही. जोडते, असेही म्हटले नाही. "येताना साबण आणा. आणि छत्री विसरू नका, कपाटामागं राहिलीय."

आज तो फोन पहिल्यांदाच खरोखर घरून आला होता.

"आणतो," ते म्हणाले. तिने फोन ठेवला. रिसीव्हर कानाशी धरून ते तसेच बसले होते, कळ मागे घेतल्याचा तो बारीकसा आवाज येतो का, ते ऐकत.