अकरा वर्षांची कुरकुर

मदर सुपीरियर मुलखाची शहाणी. एखाद्या सिस्टरचा जीव कामात रमलेला दिसला, की "आसक्ती बरी नव्हे" म्हणत ते काम काढून घ्यायची. गोड गळ्याची सिस्टर कपडे धुवायला गेली, फुलवेडी भांडी घासायला. ते बघून गोठेवाली सिस्टर पहिल्याच वर्षी सावध झाली. पाच गायी आणि कोबी-बटाट्याचं शेत म्हणजे तिचा प्राण, पण मदर दिसली रे दिसली, की ती कण्हायची, "काय मेलं हे शेण! कंबर मोडली माझी." अकरा वर्षांत कुणाला संशय आला नाही. सदा आभाळाकडे बघणाऱ्यांना समोरचं काय दिसणार, कपाळ!

त्या दिवशी तिची ताई भेटायला आली. नाकाला रुमाल लावून गोठ्याच्या दारातच थबकली.

"देवासाठी घर सोडलंस ते ह्यासाठी? आमची मोलकरीणसुद्धा शेणाला हात लावत नाही."

"म्हणूनच तुमच्या कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या असतात."

"जीभ आहे तश्शीच आहे! काय मिळतं गं तुला इथे?"

एरवी सिस्टरने खांदे उडवले असते. पण तिचा हात गाभण गायीच्या पोटावर होता, आतल्या वासराने नुकतीच ढुशी दिली होती. आणि वर ताईचा तो रुमाल!

"तुझ्या अख्ख्या बंगल्यात नसेल एवढं सुख मिळतं," ती फणकारली.

जाताना ताई मदरकडे चहा प्यायली आणि भाबडेपणाने बोलून गेली, "आमच्या धाकटीचा जीव गायींत अगदी अडकलाय हो!"

तासाभरात बोलावणं आलं. सिस्टर गमबूट दाराबाहेर काढून आत गेली.

"सोमवारपासून तुम्ही शाळेच्या ऑफिसात," मदर म्हणाली. "गोठा दुसरं कुणी बघेल."

दुसरं कोण? गायीची शेपटी हलली तरी किंचाळणारी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी सिस्टर? गाय तर आठवड्यात विणार होती. समोर मदरची स्वच्छ, गुलाबी नखं होती. बाईने जन्मात एक गाजर उपटलं नव्हतं.

"ऑफिस!" सिस्टरने टाळीच वाजवली. "खुर्ची, टेबल, पंखा! मदर, अकरा वर्षं मी हेच मागत होते. ताईला वाईट वाटू नये म्हणून तिला काहीबाही सांगितलं, एवढंच. सोमवार कशाला, आजच जाते की!"

मदरच्या कपाळाला आठी पडली. "एवढी हौस?"

"जीव टाकलाय मी त्या खुर्चीवर!"

"मग गोठ्यातच राहा. देहाला वळण लागेल."

सिस्टरने मान खाली घातली, वर नाकही ओढलं. शनिवारी फादरपुढे खोटं बोलल्याची कबुली द्यावी लागणार होती. देईन, तिने ठरवलं. पश्चात्ताप झाला असं मात्र मेले तरी म्हणणार नाही.

बाहेर येऊन तिने गमबूट चढवले. मदरची खिडकी उघडी बघून "नशीबच फुटकं माझं!" असं मोठ्याने कण्हली, आणि कोपरा वळताच गायीकडे धावत सुटली.