गुंडाळलेले नाव

मित्रांनो, या भंगाराच्या ढिगात गंजलेल्या पट्ट्या दिसतात ना, त्या म्हणजे मी. मी एक जुने शटर आहे. कारखान्यात पट्टीत पट्टी ओवून मला घडवले आणि एका अरुंद इस्त्रीच्या दुकानाला बसवले.

दुकान चालवणारी बाई सकाळी मला वर ढकलायची आणि संध्याकाळी खाली ओढायची. गिऱ्हाइके तिला नुसते ‘इस्त्रीवाली’ म्हणत. साठीकडे झुकल्यावर ती लेकीकडून अक्षरे शिकली. मग एका सुटीच्या दिवशी मायलेकी रंगाचे स्प्रे घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“आई, फूल काढू की पक्षी?”

“ते काही नको. माझं नाव काढायचं. पुलाखाली ती पोरं काढतात ना, तसं टम्म फुगलेलं. थांब, आण इकडे. मीच काढते.”

तिने स्वतःच नाव काढले. अक्षरे निळी, काठ पिवळे, आणि रंगाचे ओघळ पार तळापर्यंत. शेजारचा किल्लीवाला हसला. “काकू, निवडणुकीला उभ्या राहताय की काय?”

“जन्मभर उभीच आहे रे मेल्या! आता निवडून तरी दे.”

पण दुकान उघडले की मी वर गुंडाळले जाई, आणि माझ्याबरोबर तिचे नावही. गिऱ्हाइकांच्या वेळेला ते दारावरच्या पेटीतल्या अंधारात असे. संध्याकाळी मला खाली ओढल्यावर ती एकटीच ते बघे, तळहाताने धूळ पुसे आणि घरी जाई.

एके दिवशी ती टेबलापाशीच कोसळली. लेकीने मला खाली ओढले, ते मी पुन्हा वर गेले नाही. आता नाव दिवसभर रस्त्यासमोर होते. तेव्हा एक कित्येक वर्षांचे गिऱ्हाईक आले आणि माझ्यापुढे थबकले.

“हे कुणाचं नाव हो?” त्याने किल्लीवाल्याला विचारले. “आणि आपली इस्त्रीवाली कुठं गेली?”

किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. “तिचंच नाव आहे ते. गेली ती.”

“अरेरे!” गिऱ्हाईक म्हणाले. “माझे दोन शर्ट होते तिच्याकडे. ते आता कुणाकडे मिळतील?”

पुढे नव्या दुकानदाराला काचेचे दार हवे होते. मी भंगारात आले. लेक धावत आली तोवर माझ्या निम्म्या पट्ट्या भट्टीकडे गेल्या होत्या.

“नावापुरतं तरी द्या हो,” ती भंगारवाल्याला म्हणाली.

“ताई, आता त्यातून नाव कसं काढू? घ्या हवी ती पट्टी.”

तिने एक पट्टी नेली. तिच्यावर एक निळी रेघ होती. कोणत्या अक्षराची, ते तिलाही कळेना.

मित्रांनो, मी ते नाव अंगावर वागवले, पण मला वाचता येत नाही. तुम्हाला येते. तुमचे कपडे, तुमच्या चपला, तुमच्या किल्ल्या ज्यांच्या हातून जातात, त्यांना नाव विचारा. दुकान उघडे आहे तोवर विचारा.