राजूरच्या जत्रेतली होडी

मी होडी बोलतेय. नदी-तळ्याचं पाणी मी जन्मात पाहिलं नाही. दोन लोखंडी घोड्यांच्या, म्हणजे उभ्या तिकाटण्यांच्या, मधे टांगलेली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची, तोंडाला पत्र्याचा मोर लावलेली जत्रेतली होडी आहे मी. एक टोक वर गेलं की दुसरं खाली, दुसरं वर गेलं की पहिलं खाली. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामावर माणसं किती अक्कल पाजळतात ते मी वीस वर्षं ऐकलं. आता गंजून पडले आहे, कुणाची भीड ठेवायची गरज उरली नाही. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

माझा जन्म एक्क्याऐंशी सालचा, अंबडच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. भंगारातल्या ट्रकची चासी, उसाच्या ट्रॉलीचे पत्रे आणि बाभळीच्या फळ्या यांतून मला जोडलं. मालक जहांगीरभाई. सुरुवातीला दोन गडी दोर बांधून मला ओढायचे. मग जहांगीरभाईनं डिझेलचं इंजिन आणलं आणि माझ्या खाली एक टायर बसवला. तो टायर फिरत माझ्या पोटाला घासायचा आणि मी उसळायचे. तिकीट फाडायला त्यांची बायको सलमाबी. आवाज असा की भोंग्याची गरज नव्हती.

आम्ही जत्रा-जत्रा फिरायचो, पण माझी खरी जागा राजूरची. गणपतीची अंगारकी आली की तिथं मुंगीला पाय ठेवायला जागा नसते.

आता माझा स्वभाव सांगते. मधल्या फळीवर बसलं तर हेलकावा कमी लागतो. म्हातारं माणूस, लेकरू, ज्याला गाडी लागते तो, यांनी तिथं बसावं. शेंड्याच्या फळीवर बसलं की काळीज तोंडात येतं. रिकाम्या पोटी तर बसूच नये. भरल्या पोटापेक्षा रिकामं पोट जास्त उलटतं, मग नुसतं हिरवं पित्त पडतं. हे सलमाबी घसा फोडून सांगायची. ऐकत कोण होतं?

माझ्या खाली उभं राहून प्रत्येक घर पंचायत बसवायचं. बापानं ठरवायचं, पोरगी भित्री आहे. पोरीनं ठरवायचं, आजीला झेपणार नाही. दिरानं ठरवायचं, वहिनीला चक्कर येते, पण मजा येईल, बसवा तिला. एकजण लिंबू हुंगायला द्यायचा, एकजण ओवा चघळायला लावायचा, एक शहाणी पदराखाली पोटावर वर्तमानपत्र बांधायची. आणि सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य, “काई होत न्हाई!” मी नीट बघितलंय, हे वाक्य नेहमी खाली उभा राहणाराच बोलतो. ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्याला सोडून सगळ्यांना विचारायचं, ही माणसांची रीत. थू त्या रीतीवर.

एका उन्हाळ्यातली अंगारकी सांगते. साल नक्की आठवत नाही. तेव्हा मी जुनी झाले होते, पण रंग नवा होता.

अंकुशनगरकडचं एक घर जीप करून आलं होतं. घरचा कर्ता साहेबराव, साखर कारखान्यावर नोकरीला. पांढरा सदरा, खिशाला पेन, चालणं असं की जत्रा यानंच भरवलीय. त्याची आई सगुणाबाई, काटक म्हातारी. जालन्याला दिलेली बहीण प्रभावती. आणि सगळ्यांच्या मागं, तोंडाला पदर लावून, त्याची बायको शिवकन्या. जीपमध्ये ओकून ओकून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

प्रभावती म्हणाली, “दादा, वहिनीनं सगळा रस्ता घाण केला. ड्रायव्हर शिव्या देत होता.”

“म्हणूनच म्हणतो मी,” साहेबराव म्हणाला, “हिला परवास झेपत न्हाई. आन् बाईसाहेबाला परभणीला जायचंय, लगनाला!”

तेव्हा मला कळलं, गोष्ट काय आहे ती. शिवकन्येच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं. परवा हळद, त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न. ही एकटी बहीण, करवली. आणि नवरा पाठवत नव्हता. लग्नानंतरची पहिली दिवाळी सोडली तर तिनं माहेर पाहिलंच नव्हतं. दरवेळी कारण एकच, तुला गाडी लागते. वा रे माया! बायकोच्या पोटाची एवढी काळजी करणारा नवरा मी वीस वर्षांत दुसरा पाहिला नाही. शेतात उन्हाची चक्कर येते, त्याची काळजी नाही. माहेरी जाताना येते, त्याची तेवढी काळजी.

“म्या जाते ना,” शिवकन्या हळूच म्हणाली. “एस.टी.नं जाते. खिडकीपाशी बसंन.”

“खिडकीपाशी बसंन!” साहेबरावानं तिची नक्कल केली. मग माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे असे चमकले की मला त्याच वेळी त्याची किळस आली. “बरं, असं करू. ह्या होडीत बस. शेंड्याच्या फळीवर. कोरडी उतरलीस तर मी सोता तुला परभणीच्या गाडीत बसवून देतो. ओकलीस, तर लगनाचं नाव काढायचं न्हाई.”

“आज उपास हाये ओ,” ती म्हणाली. “सकाळधरून पोटात पाण्याबिगर काई न्हाई.”

“मंग तर बेसच! पोटात काई न्हाईच तर पडंल काय?”

काय हुशारी! कारखान्यात ह्याला कुणी पगार देत होतं, याचं मला नवल वाटलं.

सगुणाबाई इतका वेळ मान वर करून माझ्याकडंच बघत होती. म्हणाली, “साहेबराव, म्या बसू का रे? एकडाव?”

“माय, तुला बीपी हाये. गप सावलीत बस.”

“तिला बसवतूस आन् मला न्हाई?”

“तुला डाक्टरनं सांगितलंय. प्रभे, मायला तिकडं ने.”

तिकिटं घेतली. प्रभावतीनं शिवकन्येच्या पोटावर वर्तमानपत्र खोचलं आणि हसत म्हणाली, “वहिनी, आता नखरे नका करू. पाच मिंटाचं काम हाये.” शिवकन्या माझी शिडी चढली. शेंड्याच्या फळीवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी दांडी धरली. साहेबराव समोरच्या टोकाला, तिच्याकडं तोंड करून बसला. ओकते की नाही ते बघायला. मला पाळणा म्हणून बांधलं होतं, त्यानं माझ्यावर कचेरी भरवली.

जहांगीरभाईनं इंजिनला हँडल लावलं. सलमाबी साखळ्या बघत, तिकिटं घेत आली. साहेबरावाच्या फळीची साखळी अडकवली. मग या टोकाला आली आणि शिवकन्येचं तोंड बघून थांबली.

“ए बाई,” ती म्हणाली, “तेरेकू बैठना हय क्या?”

एवढंच. सबंध सकाळभर, जीपमध्ये, देवळाच्या रांगेत, माझ्या खाली, त्या बाईला हा सवाल कुणी केला नव्हता. शिवकन्या सलमाबीकडं बघत राहिली, जसं काही हे असंही विचारता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग म्हणाली, “न्हाई.”

आणि उठली.

“ओ! कुठं चाललीस?” साहेबराव समोरून ओरडला. “उतरलीस तर लगीन बंद!”

शिवकन्या शिडीवर उभी राहिली. पोटावरचा कागद तिनं काढला, बोळा केला आणि खाली टाकला. “लगीन माझ्या भावाचं हाये,” ती म्हणाली. “ते काय तुमच्या होडीत लागून राह्यलंय का? उलटी मला होती. पोट माझं, लुगडं माझं, धुणार बी मीच. तुमचं काय जातंय ओ?”

खाली रांगेतली माणसं हसली. कुणी तरी शिट्टी मारली.

सगुणाबाई मात्र तोवर शिडीपाशी आली होती. “सूनबाई, तिकीट दे इकडं. वाया नको जायला.”

“माय! बीपी!”

“कापूस येचायला लावतूस तवा कुठं जातंय रे माझं बीपी?” असं म्हणून म्हातारी चढली. वाटेत सुनेच्या हातात आपली कनवटीची पुरचुंडी दिली. “गाडीखर्चाला हाये. जल्दी कर, जालन्याची गाडी लागली आसंल, तिथनं परभणीची धर. ह्याला म्या बघते.” आणि शेंड्याच्या फळीवर बसून तिनं जोरात हाक दिली, “सोडा ओ भाई!”

साहेबराव साखळी सोडवायला झटत होता, तोवर जहांगीरभाईनं टायर वर उचलला.

आता माझं ऐका. एकदा सुटले की मी झटक्यात थांबत नाही, थांबताच येत नाही मला. साहेबराव घसा ताणून ओरडू लागला, “थांबवा! ओ भाई, थांबवा!” पण माझ्यात बसलेला प्रत्येक तिसरा गडी हेच ओरडतो. जहांगीरभाईनं असे शेकडो वाघ पाहिले होते. ते खालून हसले, “डरो मत भाऊ! कुछ नै होता!” आणि टायर आणखी दाबला. जन्मात पहिल्यांदा ते वाक्य मला गोड लागलं.

मी साहेबरावाचं टोक वर नेलं. वरून त्याला दिसलं, शिवकन्या रसवंतीच्या पुढून चालली आहे. खाली आणलं. पुन्हा वर नेलं, आता ती बांगड्यांची दुकानं ओलांडून एस.टी. थांब्यापाशी पोचली होती. खाली. वर. जालन्याची लाल गाडी उभी, ती पायरीवर. खाली. मी म्हणेन, त्या दिवशी मी अंगातला सगळा जोर लावला. माझे नटबोल्ट कुरकुरले, मी पर्वा केली नाही. बघ म्हटलं, चांगलं उंचावरून बघ. पुढच्या खेपेला ती खिडकीत बसलेली दिसली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला गाडी हलली होती.

“शिवकन्ये!” तो ओरडला. वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय!

समोरच्या टोकाला सगुणाबाईचा पदर उडून गेला होता, अंबाडा सुटला होता आणि ती लहान पोरीसारखी किंचाळत होती, “आजून! आजून वर जाऊ द्या!”

गाडी फाट्याला वळली तेव्हा मी पूर्ण उंचीवर होते. खिडकीतून शिवकन्येचं डोकं बाहेर आलं होतं. ती ओकत होती. गाडी चालली होती, ती ओकत होती, आणि माहेरी निघाली होती.

मी थांबले तसा साहेबराव साखळी तोडल्यासारखी काढून पळाला. धुरळा तेवढा सापडला त्याला. सगुणाबाई उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि सलमाबीला म्हणाली, “बाई, अजून एक तिकीट फाड.”

पुढच्या अंगारकीला म्हातारी पुन्हा आली. सलमाबीनं विचारलं, “वो तेरी बहू? आई क्या वापस?”

“आली की,” सगुणाबाई म्हणाली. “भावाला हळद लावली, वरातीत मिरवली, आन् आपल्या पायानं घरी आली. येताना बी ओकतच आली. आता सणाला सांगून जाती, पुसून न्हाई.”

“और बेटा?”

“त्यो? महिनाभर बोलत न्हाई म्हणला. मंग भाकरी मागायला बोललाच.” आणि दोघी इतक्या हसल्या की मागची रांग खोळंबली.

त्यानंतर मी काही फार वर्षं चालले नाही. एका जत्रेत माझा एक घोडा तडकला. कुणाला लागलं नाही, पण जहांगीरभाईनं हात कानाला लावले आणि मला विकून टाकलं. त्यांचेही गुडघे गेले होते. आता जत्रेत विजेवरचे पाळणे आलेत, गोल गोल फिरून माणसाला पिळून काढणारे. आणि त्यांच्या खालीही तीच पंचायत बसत असणार, मला सांगायची गरज नाही.

मी आज जालन्याच्या बाहेर, भंगारच्या वाड्यात पडून आहे. मोराची मान कुणी तरी उचलून नेली. पोटात पावसाचं पाणी साचतं आणि ते कुत्री पितात. शेजारी पोलादाच्या भट्ट्या आहेत, आज ना उद्या माझी वेळ येईल. वितळायचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो एवढाच, की वीस वर्षांत हजारो माणसं माझ्यात चढवली गेली, आणि बसायचंय का, असं विचारणारी एक तिकीटवाली बाई तेवढी निघाली.

वाड्याच्या कुंपणापलीकडून रस्ता जातो. दिवसभर एस.टी. गाड्या जातात. एखाद्या खिडकीतून एखाद्या बाईचं डोकं बाहेर येतं, आणि रस्त्यावरचे लोक शी म्हणून तोंड फिरवतात. तुम्ही फिरवू नका. पोट तिला घरी बस म्हणत होतं, घरातले तर म्हणतच होते, तरी ती तिकीट काढून बसली आहे. जाऊ द्या तिला. एवढी एक गोष्ट माझी ऐका, मग खुशाल मला भट्टीत ढकला.