म्हशीचा खुराक

बुधरीनं डोक्यावरची टोपली ओट्यावर टेकवली न टेकवली तोच आतून रुखमाबाई ओरडली.

"खाली ठेव, खाली! आत्ताच सारवला हाये ओटा."

टोपली खाली अंगणात आली. बुधरी झुंजुमुंजूलाच निघालेली, घोट गावापर्यंत जंगलातून पायी, पुढं एसटीत उभ्यानं चामोर्शी, अन् तिथून पुन्हा चालत या गावाला. लेक पारबता इथं बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी करायचं, पण रुखमाबाईनं सुनेला धाडलंच नाही. जंगलात नातू जन्मू देऊ का, म्हणाली. जात एकच होती, पण बुधरीचं गाव जंगलातलं, तेवढं पुरलं.

बुधरीनं वरची पळसाची पानं बाजूला केली. खाली लाडूच लाडू. मोहाची वाळलेली फुलं भाजायची, तीळ अन् जवसासोबत कुटायची, त्यात सतावरीच्या मुळांची पूड घालायची, की झाला बाळंतिणीचा लाडू. तिच्या गावात कोणी बाळंत झालं की घरोघरून हे लाडू येतात, अन् ज्या घरून आले नाहीत त्या घराशी भांडण आहे असं गाव समजून घेतं. पारबतासाठी सगळ्यांनी दिले होते. म्हणून तर एक लाडू काळा, एक तांबूस, एक मुठीएवढा, एक लिंबाएवढा.

रुखमाबाईनं एक उचलून नाकाला लावला अन् तोंड फिरवलं.

"मोहाचे? बाळंतिणीले दारूचे लाडू चारतं का वं?"

"दारू नोहे ईनबाई. भाजले हायेत. अंगात ताकद येते, दूध उतरते."

"तुमच्या जंगलात उतरत असन. आमच्यात बाळंतिणीले भात अन् मीठ. जास्त खाल्लं का लेकराचं पोट फुगते."

पारबता दारात आली होती. छातीशी पोर, पोराचं तोंड पदराखाली अन् तरी ते रडतंच होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती मायकडे नाही, टोपलीकडे बघत होती.

"आत जाय, वारं लागन," रुखमाबाई म्हणाली, अन् मग बुधरीला, "ठेवून जा. देतो तिले थोडेथोडे."

एवढ्यावर बुधरी परत फिरली. चहासुद्धा झाला नाही.

पुढं धान कापणी सुरू झाली, तिला निघताच येईना. आली तेव्हा अंगणात खुर्शीदभाई दुधाची कॅन भरून घेत होता. चामोर्शीच्या बसस्टँडवर त्याचं चहाचं हॉटेल, अन् तो लहर लागली की बोलतच सुटायचा.

"क्या बाई, म्हशीले काय चारून राह्यले? च्यावर साय धरून राह्यली! गिऱ्हाईक म्हणते, भाई, पत्ती टाकली का विसरला?"

रुखमाबाई खळखळून हसली. "अरे, लाडू चारले जंगलातले. माणसाच्या कामाचे नोहते, जनावराले लागले पाह्य."

अन् तेव्हा तिला फाटकातली बुधरी दिसली. बुधरीला वाटलं, आता तरी ओशाळेल. कुठलं काय!

"ये ना ईनबाई. आयकलं का? तुह्या हाताले गुण हाये बाप्पा!"

बुधरीनं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आत पोर रडत होतं, पण आता आवाज बसला होता, मांजराच्या पिल्लासारखा. ओट्यावरच्या त्याच्या बाटलीत डब्याचं दूध होतं, इतकं पातळ की बाटलीतून पलीकडची भिंत दिसावी.

"म्हशीचं तरी देत जा ना लेकराले," ती म्हणाली.

"जड पडते. अन् मंग खुर्शीदले काय देऊ? तुह्या पोरीलेच दूध नाई, नशीब एकेकाचं."

गुरांच्या कोठ्यात पारबता शेण भरत होती. बुधरी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पोटाशी धरावं तर दोघींच्या मध्ये शेणाची पाटी.

"गव्हाण कोण साफ करते?"

"मीच."

"अन् खुराक?"

"मीच टाकतो, माय."

बुधरी बाहेर आली.

"ईनबाई, म्हशीसाठी आणखी आणू का लाडू?"

तशी रुखमाबाईनं स्वतः खाट टाकली. "बस ना, बस! उभी काऊन? पारबते, मायले च्या टाक." चहा कपबशीत आला, चांगल्यातल्या.

घरी जाऊन बुधरीनं पुन्हा मोह भाजला, तीळ भाजले, सतावरीची मुळं सोलून वाळवली. सगळं कुटून झाल्यावर तिनं त्यात धानाचा कोंडा ओतला, वरून तणसाचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, बारीक चुरा. शेजारची म्हातारी बघत होती.

"बाळंतिणीच्या लाडवात कोंडा? बुधरे, याड लागलं का?"

बुधरीनं मुसळ थांबवलं नाही. या वेळी लाडूही वळले नाहीत, सरकीच्या ढेपेसारखे चपटे गोळे थापले. कोणी नाकाला लावले तर जनावराचाच वास यावा.

या खेपेला खाट आधीच टाकलेली होती. रुखमाबाईनं गोळे बघितले, खूश झाली, अन् पाटी पारबताच्या हातात दिली. "जाय, टाक गव्हाणीत."

बुधरी कधी नव्हे ते बोलायला लागली. आधी अस्वलाची गोष्ट, मग भावकीतल्या कोणाचं लग्न मोडलं ते, मग परत अस्वल, अन् सगळं मोठ्यामोठ्यानं. रुखमाबाई डोळे पुसून हसत होती. तिची पाठ कोठ्याकडे होती. बुधरीचं तोंड कोठ्याकडे.

पारबता गव्हाणीपाशी उकिडवी बसली होती. म्हैस मुंडकं आत घालत होती अन् ती कोपरानं ते मागं लोटत होती. हात गव्हाणीत जायचा, तोंडाकडे यायचा. मध्येच ती तणसाची काडी थुंकायची अन् पुन्हा वाकायची, घाईघाईनं, मान खाली घालून. म्हशीनं तिचा पदर चाटला.

"मंग अस्वलानं काय केलं?" रुखमाबाईनं विचारलं.

बुधरीला पुढचं आठवेना.

"आँ? काय झालं व ईनबाई?"

"काई नाई. अस्वल गेलं."

रुखमाबाईनं बसल्या जागेवरूनच कोठ्याकडे हाक टाकली.

"पारबते! खाल्लं का वं सारं?"

कोठ्यातून उत्तर आलं नाही. पारबताचं तोंड भरलेलं होतं. रुखमाबाई खाटेवरून उठायला लागली, तशी बुधरीनं तिचा हात धरला.

"खाल्लं, ईनबाई," ती म्हणाली. "सारं खाल्लं."