वाझाची बायको

दालचिनी ही खायची वस्तू आहे, हे मी या शाळेत एकवीस वर्षं घसा फोडून सांगतेय. कुणी ऐकेल तर शपथ. बुधवारच्या रोलसाठी मी किलोकिलोने दालचिनी मागवते, आणि कुणाचा पंचविसावा वाढदिवस आला की तीच दालचिनी त्या पोराच्या नाकाकानात जाऊन बसते. पंचवीस झाली आणि लग्न नाही, की आमच्या डेन्मार्कात माणसाला खांबाला बांधून, भिजवून, दालचिनीत घोळवतात. का, ते मला विचारू नका. माझ्या भावालाही घोळवलं होतं आणि माझ्या नवऱ्याने त्यात मनसोक्त हात धुऊन घेतले होते.

मार्चमध्ये अस्गेर नावाच्या आमच्या एका विद्यार्थ्याची पाळी आली. मी ओट्याशी उभी होते, तेवढ्यात वाझा धावत आत आला. चेहरा पांढराफटक.

"बोडिलमावशी, पोलिसांना बोलवा! अस्गेरला झेंड्याच्या खांबाला बांधलंय!"

"बरं मग?"

"पाइपने पाणी मारताहेत त्याच्यावर!"

"कोमट हवं का, विचारलं त्याला?"

"हो... विचारलं."

"पोहायचा चष्मा दिलाय डोळ्यांना?"

"दिलाय."

"मग सगळं रीतसर चाललंय. तू कांदे सोलायला घे."

हा वाझा जॉर्जियाचा. जानेवारीत आला, तेव्हा त्याच्या बॅगेत तीन सूट होते. आमच्या लोकशाळेत ना परीक्षा, ना मार्क. सहा महिने एका छपराखाली राहायचं, सकाळी एकत्र गाणी म्हणायची, सुतारकाम नाहीतर कुंभारकाम शिकायचं आणि आपल्या पाळीला भांडी घासायची. सुटाचं इथे काय काम? प्राचार्यालासुद्धा आमच्याकडे "ए प्रेबेन, मीठ दे" म्हणतात. वाझाला ते काही केल्या जमेना. त्यांच्या गावात मोठ्या बाईला मावशीच म्हणतात म्हणे. पहिल्या दिवशी मी त्याला सुनावलं, "मी कुणाची मावशीबिवशी नाही. बोडिल म्हण." तो म्हणाला, "बरं मावशी." काय बोलणार? पंधरा दिवसांत मलाच सवय झाली. नंतर त्याने नुसतं बोडिल म्हटलं असतं, तर खरं सांगते, मला लागलं असतं.

कांदे सोलता सोलता त्याने सगळं विचारून घेतलं. त्यांच्याकडे वाढदिवसाच्या माणसाला टेबलाच्या अग्रभागी बसवतात, म्हातारेकोतारे उभे राहून त्याच्या नावाने पेले उंचावतात. "आणि इथे खांबाला?" पंचवीस वर्षांच्या माणसाची अशी बेअब्रू? त्याला पंचवीस वर्षं एकोणीस एप्रिलला पूर्ण होणार होती. तारीख स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर केव्हाचीच लागली होती.

"आणि लग्न झालेल्याला?" त्याने विचारलं.

"त्याला सोडतात."

हे मी बोलायला नको होतं.

दुपारी जेवणाला अस्गेर आला तो अख्ख्या बेकरीसारखा दरवळत. वाझाच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "काय राजे? पुढचा नंबर तुमचा!"

वाझाने काट्यावरचा हेरिंग माशाचा तुकडा खाली ठेवला. "माझा कसा? माझं लग्न झालंय."

समोर मिझुहो बसली होती. तिने चमचा बशीत ठेवला, अजिबात आवाज न करता, आणि म्हणाली, "अभिनंदन." मग उठून गेली. बटाटे तसेच राहिले. त्या मुलीने तोवर माझा एकही बटाटा ताटात टाकला नव्हता.

मिझुहो जपानची. तिची आणि वाझाची भांडी घासायची पाळी एकच. ताटं धुण्याच्या यंत्रात उभी लावायची की तिरकी, यावर दोघं रोज भांडायची. तो तावातावाने, दोन्ही हात हलवून, आणि ती अगदी हळू आवाजात, पण तसूभरही मागे न हटता. पंधरा मिनिटांचं काम तासभर चालायचं, आणि त्या तासात तो गायचा आणि ती तोंडावर फडकं धरून हसायची. मी एकवीस वर्षं पोरांना भांडी घासताना बघतेय. भांड्यांसाठी तासभर थांबणारं पोर अजून जन्माला यायचंय. त्यामुळे मला काय समजायचं ते फेब्रुवारीतच समजलं होतं. त्या दोन शहाण्यांनाच तेवढं समजलं नव्हतं.

आता हे डेन्मार्क. इथे कुणाचं लग्न झालंय म्हटल्यावर लोक गप्प बसतील असं वाटलं की काय त्याला? नाव काय? केतेवान. करते काय? दाताची डॉक्टर. फोटो? फोटोही दाखवला गड्याने. अस्गेर म्हणाला, "अरे, नाक अगदी एकसारखं आहे की तुम्हा दोघांचं!" वाझा म्हणाला, "आमच्या डोंगरात असंच असतं." आणि पोरांनी ते ऐकून घेतलं! आमचा देश ताटासारखा सपाट, डोंगर म्हणजे काय हेच आमच्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून खपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत प्रेबेन उभा राहिला. भला माणूस आहे, पण त्याचा भलेपणा नेमका नको तिथे उतू जातो. म्हणाला, "मित्रांनो, वाझाची पत्नी तीन महिने एकटी आहे, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. आपल्याला हे शोभत नाही. मे महिन्यात घरच्यांना बोलावतो, तेव्हा केतेवानला कोपऱ्यातली खोली देऊ या. खाडी दिसते तिथून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर प्रेमाचं गाणं म्हटलं, सहाच्या सहा कडवी. वाझा मान खाली घालून बसला. मला त्याची कीव आली नाही. भोग म्हटलं बाबा.

पण पोरीकडे बघवेना. दोन दिवसांनी तिने वाझाला फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू दिली, दोन्ही हातांनी, वाकून. आत जेवणाच्या काड्या होत्या. सुतारकामाच्या वर्गात तिनेच तासलेल्या, एक जोडी लांब, एक थोडी आखूड. "आमच्याकडे नवराबायकोला द्यायची रीत आहे," ती म्हणाली. "आखूड त्यांच्यासाठी." आणि त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून पाळी बदलून मागितली.

"भांडी सोडून काय करणार?"

"संडास."

"अगं बाई, संडास कुणी मागून घेतं का?"

"तिथे शांत असतं," ती म्हणाली. मी पाळीच्या तक्त्यावर तिचं नाव संडासाच्या रकान्यात लिहिलं.

एप्रिलच्या मध्याला वाझा न्याहारीनंतर स्वयंपाकघरात आला आणि पिठाच्या पोत्यावर धप्पकन बसला.

"मावशी, मला बायको नाही."

"ते मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं?"

"तुझ्या मोज्यांना भोकं आहेत नि तुला पत्र येतं ते फक्त आईचं. फोटोतली कोण?"

"बहीण."

"गाढवा!" मी हातातली पळी आपटली. "दोन मूठ दालचिनीच्या भीतीने सख्ख्या बहिणीला बायको केलीस? लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटते. मावशी, जूनमध्ये ती विमानात बसेल. ओसाका कुठे आणि आमचं गाव कुठे! मग आयुष्यात तोंड दिसायचं नाही तिचं." त्याचे डोळे भरून आले. एवढा धिप्पाड पोरगा.

"मग माझ्यापुढे काय रडतोस? तिला जाऊन सांग."

"सांगितलं ना काल! म्हटलं, मिझुहो, माझं लग्न झालेलंच नाही. तर म्हणाली, 'असं सांगणारे पुरुष ओसाकातही आहेत.' आणि विचारलं, 'केतेवानबाई बऱ्या आहेत ना?'"

मी हसले. वाईट आहे मी, पण हसले. पोरगी बरोबरच होती. बायको असल्याचं चारचौघांत सांगायचं आणि नसल्याचं कोपऱ्यात गाठून, हे कुठली शहाणी खरं मानेल?

"ऐक," मी म्हटलं. "थाप सगळ्यांसमोर मारलीस, मग खरंही सगळ्यांसमोर बोल. आणि नुसतं बोलू नकोस. बायको असलेला माणूस आपण होऊन त्या खांबाला जाऊन उभा राहील का?"

त्याने खिडकीतून खांबाकडे बघितलं. मग उठला आणि पँटचं पीठ झटकून निघून गेला.

एकोणीस तारखेला सकाळच्या सभेत गाणं झालं आणि सूचना सुरू झाल्या. आमच्या सभेत ज्याला जे सांगायचं ते तो उठून सांगतो. एकीचा निळा मोजा हरवला होता. वाफारा घ्यायच्या सॉनाची लाकडं कोण ओली ठेवतं, यावर दहा मिनिटं गेली. मग वाझा उठला. अंगात सूट, वर टायसुद्धा. मी दारात उभी होते, मिझुहो मागच्या दाराशी बसली होती.

"माझं लग्न झालेलं नाही," तो म्हणाला. "केतेवान माझी बहीण आहे. मी घाबरलो आणि खोटं बोललो. खांबाला नाही घाबरलो, लोक हसतील याला घाबरलो. प्रेबेन, खोली नको. आज मला पंचवीस वर्षं झाली. मला बांधा."

मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच नाक!"

प्रेबेन उभा राहिला. "हे फार मोलाचं बोललास, वाझा. मला वाटतं, यावर आपण आधी लहान लहान गटांत बसून—"

"प्रेबेन, खाली बस!" मी दारातून ओरडले. "वाढदिवस आहे पोराचा!"

मग काय विचारता. दीडशे पोरं एकदम उठली. रीतीप्रमाणे झेंडा वर चढला, वाढदिवसाचं गाणं झालं, अस्गेरने दोर आणला. वाझाने सूट काढू दिला नाही. पोहायचा चष्मा तेवढा लावून घेतला आणि खांबाला पाठ टेकून ताठ उभा राहिला. त्याची नजर सारखी दाराकडे होती. दारातून सगळे बाहेर आले. ती आली नाही.

अस्गेर गाठ मारणार, एवढ्यात मिझुहो संडासांच्या बाजूने आली. हातात रबरी मोजे तसेच. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती अस्गेरपुढे उभी राहिली.

"हे पंचविसाव्यालाच करतात का?"

"हो."

"आणि ज्याचं तेव्हा राहून गेलं, त्याचं?"

अस्गेरने माझ्याकडे बघितलं. असा नियम काही नाही आमच्यात. मी म्हटलं, "राहिलेलं केव्हाही चालतं."

"मी सत्तावीसची आहे," ती म्हणाली. "लग्न झालेलं नाही. माझं राहिलंय."

सत्तावीस! मी तिला एकोणीसची समजून रोज दुधाचा एक पेला जास्त देत होते.

तिने रबरी मोजे काढले, घडी करून गवतावर ठेवले आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला पाठ लावून उभी राहिली. वाझाच्या चष्म्याची काच आतून धुरकट झाली होती.

अस्गेर डोकं खाजवत म्हणाला, "थांबा, मी अजून एक दोर घेऊन येतो."

"कशाला?" मिझुहो म्हणाली, तिच्या त्या हळू आवाजात. "ह्याच दोरात बांध. आम्ही मावतो."