नारीनला निघालेला माणूस

कनिशायच्या चित्रातला माणूस चालायला लागला की वर्गात हशा पिकायचा. इशेनबेक मास्तर कागद भिंतीला टोचत आणि विचारत, "हा कुठे निघालाय?"

"बाजारात, मास्तर."

"बाजारात कसला? शर्यतीत निघालाय. खोगीर घाला रे याच्यावर."

मास्तरांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. कनिशाय नारीनकडच्या कुरणांवर वाढलेली. अक्षरओळख व्हायच्या आधी तिने कोळशाने बाबांचा जोर्गो काढला होता. जोर्गो म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारा घोडा. स्वाराच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. ती चाल तिच्या बोटांत इतकी मुरली होती, की तिची माणसंही उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे टाकायची. मुद्दाम हात बदलावेत, तर तीच माणसं रस्त्यात खिळून उभी राहायची. बिश्केकच्या त्या कलाशाळेत दुसऱ्या वर्षी चालता माणूस जमला नाही तर नाव कटतं. तिची एक संधी हुकली होती. आता काय ती शनिवारची.

गुरुवारी बाबा हजर झाले, डोक्यावर पांढरी कल्पाक टोपी, हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची बाटली.

"शनिवारी दोनच्या गाडीने मी परत जाणार," ते म्हणाले. "नापास झालीस तर बोचकं घेऊन स्टँडवर ये. पास झालीस तर निरोप द्यायलाही येऊ नकोस. वर्गात बस."

"मी येणार नाही, बाबा."

"बघू की. तुझी आई तर तुझं अंथरूण घालूनच बसलीय."

कनिशाय हट्टाला पेटली. बाबा ओश बाजारात खरेदीला निघाले, तशी तीही वही घेऊन दहा पावलं मागे. बाकीच्या लोकांचा काही उपयोग नव्हता. पेन्सिल दिसली की रोटीवालीसुद्धा रुमाल सारखा करून उभी राहायची. बाबा मात्र मागे वळून बघत नव्हते. पण त्यांनी हात पाठीमागे बांधलेले, तिकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखे.

"बाबा, हात जरा मोकळे सोडा ना."

"सोडून काय करू? आपलेच आहेत, राहू देत मागे."

ती चिडली. मग हातच नाहीत म्हटल्यावर नाइलाजाने पाठीकडे बघू लागली. कोटाला एक तिरपी चुणी पडत होती, डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत. पुढच्या पावलाला ती उलटी पडायची. ज्या पायावर भार, तिकडची कंबर वर आणि खांदा खाली. आणि सगळं अंग दर वेळी थोडं पुढे पडायचं, तेवढ्यात पाऊल येऊन त्याला सावरायचं. वर्षभर ती चाल हातांत शोधत होती, आणि ती होती पाठीत.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत वही भरली. आणखी एक गोष्ट दिसली होती. बाबांचं डावं पाऊल उशिरा सावरायला यायचं. बाबा म्हातारे झाले होते आणि तिला पत्ता नव्हता. तिला फार वाईट वाटलं. तेही तिने काढलं.

शनिवारी परीक्षेत मॉडेल नव्हतं, आठवणीतून काढायचं होतं. दुपारी मास्तर एकेक कागद बघत तिच्यापाशी आले. कागदावर पाठमोरा म्हातारा, हात मागे बांधलेले.

"हा कुठे निघालाय?"

"नारीनला. घरी."

"सोबत कुणी नाही?"

"नाही मास्तर. एकटाच जाणार."

मास्तरांनी कागदाच्या कोपऱ्यात 'उत्तीर्ण' लिहून सही केली. ती पेन्सिल घेऊन घाईघाईने चित्रातला डावा बूट सारखा करायला वाकली.

"पुरे. आता हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. "जाऊ दे त्याला."

घड्याळात दीड वाजला होता. स्टँड वीस मिनिटांवर. कनिशायने पेन्सिल खाली ठेवली आणि ती जागची हलली नाही.